तीनशे मिलीचा ऑइल कॅच कॅन: डबा चांगला, तोंडं अरुंद

ऑइल कॅच कॅन म्हणजे इंजिनातून गॅसबरोबर बाहेर येणारं ऑइल अडवून साठवणारा डबा. हा काळ्या अॅनोडाइज्ड अॅल्युमिनियमचा आहे: वर दोन तोंडं, बाजूला पातळी बघायची छोटी डिपस्टिक, खाली ड्रेन बोल्ट. सोबत होज चढवायचे 9, 12 आणि 15 मिलीमीटरचे निपल, एक ब्रॅकेट आणि अंगठ्याएवढा ब्रीदर फिल्टर. ऑनलाइन हाच डबा वेगवेगळ्या नावांनी विकला जातो. इथे त्याचा विचार 1.3 मल्टिजेट डिझेलसाठी केला आहे. 1248 सीसीचं हे इंजिन स्विफ्ट, डिझायर, व्हिस्टा, पुंटो अशा कितीतरी गाड्यांत आहे. त्यातल्या बऱ्याच गाड्या लाख किलोमीटरच्या पुढे गेल्या आहेत, त्यामुळे इंटरकूलरच्या (टर्बोने दाबलेली हवा थंड करणाऱ्या जाळीच्या) पाइपात ऑइल दिसतंय ही तक्रार नेहमीची झाली आहे.

हे ऑइल तिथे येतं कसं, ते आधी बघू. पिस्टनच्या रिंगा कितीही चांगल्या असल्या तरी थोडा गॅस पिस्टनच्या बाजूने खाली चेंबरमध्ये, म्हणजे क्रँक आणि ऑइल असतं त्या क्रँककेसमध्ये, उतरतोच. त्याला ब्लो-बाय म्हणतात. बाहेर पडताना तो ऑइलचे बारीक कण, पाण्याची वाफ आणि काजळी घेऊन निघतो. पेट्रोल इंजिनात मॅनिफोल्डचा (सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या पाइपांचा) व्हॅक्युम हा गॅस ओढून घेतो आणि स्प्रिंगचा पीसीव्ही व्हॉल्व्ह त्यावर ताबा ठेवतो. डिझेलला तसा व्हॅक्युम नाही. म्हणून ब्रीदरचा, म्हणजे हा गॅस बाहेर काढणारा, पाइप एअर फिल्टर आणि टर्बोच्या मधल्या नळीला जोडलेला असतो. तिथून ऑइल टर्बो, इंटरकूलर करत मॅनिफोल्डमध्ये पोचतं, ईजीआरची (एक्झॉस्टचा थोडा गॅस परत इंजिनात सोडणाऱ्या व्यवस्थेची) काजळी त्यात कालवली जाते आणि डांबरासारखा थर धरतो. कॅच कॅन ब्रीदरच्या वाटेत बसवायचा, म्हणजे ऑइल डब्यात राहतं आणि गॅस पुढे जातो. कल्पना एकदम बरोबर आहे.

पण डबा मागवण्याआधी दोन गोष्टी तपासा. इंजिन ऑइल मॅक्सच्या खुणेच्या वर असेल तर ब्रीदरमधून ऑइल येणारच, ते आधी कमी करा. मग इंजिन गरम करून आयडलवर ठेवा आणि ऑइलचं झाकण सैल करून तोंडावर नुसतं टेकवा. ते थोडं थरथरलं तर ठीक. उडून पडत असेल आणि दाट धूर भसाभसा येत असेल तर आधी कंप्रेशन तपासून घ्या. रिंगा गेलेल्या इंजिनाला कॅच कॅन लावून फक्त दुखणं झाकलं जातं.

आता डबा. झाकण उघडल्यावर जाणवतं की कामाच्या मानाने तो बरा बनवलाय. आटे स्वच्छ आहेत, झाकणाला ओ-रिंग आहे, आत येणारी नळी खालपर्यंत नेली आहे आणि मध्ये भोकांची जाळी आहे. त्याहून स्वस्त डबे आतून रिकामे असतात. त्यांत गॅस एका तोंडातून येऊन दुसऱ्यातून तसाच निघून जातो.

तरीही तो आहे तसा गाडीला लावू नका. आतून बोट फिरवलं की मशिनिंगचा बारीक, चमकणारा अॅल्युमिनियमचा कीस बोटाला लागतो. हा डबा टर्बोच्या तोंडाशी जोडला जाणार आहे आणि छोट्या टर्बोची चाकी मिनिटाला दोन लाखांवर फेरे घेते. डिझेलने धुवा, एअर मारा, पांढऱ्या फडक्याने पुसा आणि फडक्यावर चमक दिसेनाशी होईपर्यंत पुन्हा धुवा. सोबत येणारी केसासारखी बारीक स्टील वूल फेकून द्या, तिचे धागे तुटून पुढे जातात. त्याऐवजी भांडी घासायची स्टेनलेसची जाड, चपट्या पट्टीची घासणी भरा आणि तिच्या वर-खाली भोकांचा पत्रा घट्ट बसवा.

या डब्याचा खरा दोष तोंडांत आहे. मोठ्यात मोठा निपल 15 मिलीमीटरचा म्हणतात, पण तो बाहेरचा व्यास. कॅलिपर आत घातला तर भोक 11 च्या आसपास भरतं. गाडीच्या ब्रीदरचा पाइप आतून 19 मिलीमीटर धरला, तर गॅसला जायला मूळ वाटेच्या फक्त एक तृतीयांश जागा उरते. आयडलवर काही कळत नाही. कसारा घाटात चौथ्या गिअरवर फुल लोड आला की चेंबरमधला दाब वाढतो आणि मग जिथे वाट मिळेल तिथून ऑइल बाहेर पडतं: क्रँकचं पुढचं सील, टॅपेट कव्हरचं पॅकिंग, डिपस्टिकचं तोंड. त्याहून महाग पडतो टर्बो. टर्बोचं ऑइल कुठलाही पंप ओढून आणत नाही, ते उतारावरून आपोआप चेंबरमध्ये पडतं. चेंबरमध्ये दाब असला की ते तुंबतं आणि टर्बोच्या सीलमधून इनटेक किंवा एक्झॉस्टमध्ये शिरतं. मागून निळा धूर दिसतो, निदान ‘टर्बो गेला’ असं होतं, आणि नवा टर्बो बसवूनही धूर थांबत नाही, कारण अडचण त्या 11 मिलीमीटरच्या भोकात असते.

यावर उपाय आहे. लेथवाल्याकडून झाकणावरची दोन्ही भोकं मोठी करून घ्या आणि 19 मिलीमीटर बाहेरचा व्यास, दीड मिलीमीटर जाडीची अॅल्युमिनियम पाइप आर्गन वेल्डिंगने लावा. आतून 16 मिलीमीटर मिळतात, म्हणजे मूळ वाटेच्या सत्तर टक्के. आत येणारी नळीही तेवढीच रुंद हवी, नाहीतर सगळा खटाटोप वाया. वेल्डिंगनंतर पुन्हा धुवा.

काम नीट झालं की नाही ते पाण्याच्या नळीने मोजता येतं. पारदर्शक पीव्हीसी नळीचा यू आकार करून त्यात अर्ध्यापर्यंत पाणी भरा आणि एक टोक इंजिनाच्या डिपस्टिकच्या तोंडावर घट्ट बसवा. कॅन लावण्याआधी आयडलला आणि 3000 आरपीएमला पाण्याच्या दोन पातळ्यांतला फरक टिपा, लावल्यावर पुन्हा टिपा. दहा-पंधरा मिलीमीटर वाढ चालून जाते. पन्नासच्या पुढे गेली तर कॅन काढून मूळ पाइप जोडा आणि मगच गाडी बाहेर काढा.

होज ऑइलचाच घ्या, नायट्राइल रबरचा. हीटर किंवा रेडिएटरचा होज बहुधा ईपीडीएम रबरचा असतो. ऑइलने तो फुगतो, मऊ पडतो आणि टर्बोच्या ओढीने आतल्या आत मिटतो. वरून बघणाऱ्याला होज जागेवर दिसतो, आतून वाट बंद झालेली असते. होजला झोळ नको. झोळात पाणी साचून तिथेच बूच बसतं. कॅन टर्बो आणि एक्झॉस्टपासून लांब, जितका थंड जागी तितका चांगला, कारण ऑइलची वाफ थंड झाली तरच डब्यात उतरते. आत आणि बाहेरचं तोंड कुठलं याची खूण डब्यावर नाही. ज्याच्या खाली नळी आहे ते इंजिनाकडचं. उलटं जोडलं तर जमलेलं ऑइलच टर्बो ओढून घेतो.

सोबतचा ब्रीदर फिल्टर डब्यावर लावू नका, त्या जागी बूच मारा. तो लावला तर एअर फ्लो सेन्सरने न मोजलेली आणि नीट न गाळलेली हवा टर्बोत जाते. डबा उघडा सोडून मूळ नळी बंद करणं हा तर पर्यायच नाही. क्रँककेसचा गॅस हवेत सोडणं उत्सर्जनाच्या नियमांत बसत नाही, आणि तो वास एसीतून केबिनमध्ये येतो.

पहिल्यांदा 1000 किलोमीटरला उघडून बघा, मग किती साचतं त्यावरून पुढचं अंतर ठरवा. अर्ध्याच्या वर भरू देऊ नका. पावसाळ्यात आणि रोज चार-पाच किलोमीटरच चालणाऱ्या गाडीत डब्यातून दुधाळ, कॉफीच्या फेसासारखा चिकट साका निघतो. हेड गॅस्केट गेलं म्हणून लगेच घाबरू नका. कूलंटची पातळी जागेवर असेल आणि इंजिनाच्या डिपस्टिकवरचं ऑइल साफ असेल तर ते वाफेचं पाणी आहे. तेव्हा मात्र डबा दर पंधरा दिवसांनी रिकामा करा.

आहे तसा या डब्याला पाचपैकी दोन, तोंडं मोठी केल्यावर साडेतीन. बजेट असेल आणि बॉनेटखाली जागा असेल तर मान हुमेलचा प्रोव्हेंट 200 बघा. त्यात बदलता येणारा फिल्टर आणि तो तुंबला तर दाब सोडणारा व्हॉल्व्ह आहे, जो या डब्यात कुठेच नाही. किंमत मात्र कित्येक पट आहे, आणि स्विफ्टच्या बॉनेटखाली त्याला जागा काढताना बॅटरीच्या आसपास बरीच जुळवाजुळव करावी लागते. डब्यातून निघालेला साका परत इंजिनात ओतू नका, त्यात पाणी आणि आम्ल असतं. बाटलीत साठवा आणि पुढच्या सर्व्हिसिंगला जुन्या ऑइलच्या पिंपात द्या.