एन्टेकाव्हिर की टॅफ? माझा निकाल चहाने लावला

डॉक्टरांनी हेपॅटायटिस बीसाठी गोळी सुरू करायचं ठरवलंय आणि दोन नावं समोर ठेवलीत, अशांसाठी हे लिहितोय. आजार काय, तो कसा होतो हे एव्हाना तुम्हाला पाठ असेल. मी आधी एन्टेकाव्हिर घेत होतो. आता डॉक्टरांनी बदलून दिलेली टॅफ घेतो, म्हणजे टेनोफोव्हिर अलाफेनामाइड.

विषाणू दाबायला दोन्ही खणखणीत. माझा एसजीपीटी (लिव्हरची सूज दाखवणारी रक्ततपासणी) दोन्हींवर जागेवर राहिला आणि विषाणूच्या डीएनएच्या रिपोर्टवर 'नॉट डिटेक्टेड' आलं. तेव्हा ताकदीवरून वाद नाही.

वाद आहे तो पोटावरून. एन्टेकाव्हिर रिकाम्या पोटी घ्यायची: जेवून दोन तास झालेले हवेत आणि पुढचे दोन तास काही खायचं नाही. पोटात अन्न असलं तर औषध साधारण पाचव्या हिश्श्याने कमी शोषलं जातं. ऐकायला सोपं वाटतं. पण माझी पहिली पाळी, कंपनीची बस सहाला. पहाटे गोळी घेतली की दुधाचा चहा बंद. आमच्या डॉक्टरांच्या मते पाण्याशिवाय काही नको. बसमध्ये बाकीचे थर्मास उघडायचे आणि मी खिडकीबाहेर बघायचो. रात्री घ्यावी तर साडेनऊच्या जेवणानंतर साडेअकरापर्यंत डोळे ताणून बसा. त्यात कुणी आंबा कापून पुढे केला की घड्याळ पुन्हा शून्यावर. गावाकडच्या लग्नात तर पंगतच अकराला उठते. वर्षानुवर्षं घ्यायच्या गोळीला असा पहारा मला झेपेना.

टॅफ उलट जेवणाबरोबरच घ्यायची. पोह्यांची बशी, गोळी, विषय संपला. माझा कल कुठे आहे हे लपवण्यात अर्थ नाही.

तरी टॅफ सगळ्यांना चालेलच असं नाही. टीबीचं रिफाम्पिसिन, फिट्सच्या फेनिटॉइन किंवा कार्बामाझेपिनसारख्या गोळ्या तिचा असर कमी करतात. आपल्याकडे टीबी काही दुर्मिळ नाही, त्यामुळे ही बाब हलक्यात घेऊ नका. एन्टेकाव्हिरला ती अडचण नाही. टॅफवर काहींचं कोलेस्टेरॉल आणि वजन वाढतं; माझं वजन थोडं वाढलं, पण त्यात पोह्यांचा वाटा किती हे कोण सांगणार! उलट पूर्वी लॅमिव्हुडिन हे जुनं औषध घेतलं असेल तर एन्टेकाव्हिरला विषाणू दाद न देण्याची शक्यता बरीच वाढते. त्या गोळ्यांचा जुना पत्ता सापडला तर तो डॉक्टरांना दाखवाच.

तिसरं नावही कानावर येईल, जुनं ३०० मिलिग्रॅमचं टेनोफोव्हिर. गरोदरपणात डॉक्टर बहुधा तेच देतात. मात्र त्यावर किडनी आणि हाडांकडे लक्ष ठेवावं लागतं, आणि गुडघा दुखला म्हणून डायक्लोफेनॅक मनाने घेणं महागात पडू शकतं. किडनी आधीच नाजूक असेल तर एन्टेकाव्हिरचाही डोस बदलावा लागतो. कुठलीही गोळी सुरू करण्याआधी एचआयव्हीची तपासणी मात्र करून घ्या: तो संसर्ग लपलेला असेल तर या एकट्या गोळीने त्याचे विषाणू औषधाला निर्ढावतात.

खर्चाचं म्हणाल तर २०१८ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय विषाणूजन्य हेपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमात तपासणी आणि औषधं मोफत आहेत. तुमच्या जिल्हा रुग्णालयात यातली कुठली गोळी मिळते ते आधी विचारा, कदाचित तिथेच निवड होऊन जाईल.

आणि कुठलीही निवडली तरी मधेच बंद करू नका. कुणीतरी काविळीचा झाडपाला सुचवतं, रिपोर्टही चांगला असतो, म्हणून माणूस गोळी सोडतो. विषाणू उसळतो आणि लिव्हर एकदम बिघडू शकतं, कधी काही महिन्यांनी. गावी जाताना मी एक जादा पत्ता बरोबर ठेवतो, कारण आमच्या तालुक्याच्या मेडिकलमध्ये ही गोळी मागवावी लागते.