एनसी घ्यावी की एफआयआरचा आग्रह धरावा?

बांधावरून वाद झाला, भावकीतल्या कुणीतरी मारहाण केली, तुम्ही ठाण्यात गेलात आणि ठाणे अंमलदार म्हणाले, "एनसी करून देतो." लगेच हो म्हणू नका.

एनसी म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद. शिवीगाळ, साधी धमकी, हाताने केलेली किरकोळ मारहाण यात येते. न्यायदंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलिसांना तिचा तपास करता येत नाही. प्रत घडी करून कपाटात ठेवली आणि वाट बघत बसलात, तर पुढे काहीच हलत नाही. "तक्रार घेतली" या दोन शब्दांवर विसंबून कितीतरी माणसं इथंच अडकतात.

एफआयआर म्हणजे दखलपात्र गुन्ह्याची ठाण्यात नोंदवलेली पहिली खबर. त्यात पोलीस स्वतः तपास सुरू करू शकतात, तुम्हाला प्रत विनामूल्य मिळते. माहितीवरून दखलपात्र गुन्हा दिसत असेल तर एफआयआर नोंदवणं बंधनकारक आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने 2013 साली ललिता कुमारी प्रकरणात सांगितलं.

मग ठरतं कशावरून? बरंचसं जखमेवरून. गाल सुजला, तर साधी दुखापत. त्याच चपराकीत दात तुटला, तर कायद्याच्या भाषेत ती गंभीर दुखापत आणि गुन्हा दखलपात्र. हाड मोडलं तरी तेच. कोयत्याने वार झाला असेल तर जखम लहान असली तरी दखलपात्रच. म्हणून आधी ठाण्यातून मेडिकल यादी (तपासणीसाठी दवाखान्याला दिलेलं पोलिसांचं पत्र) घ्या, सरकारी दवाखान्यात तपासून घ्या. एकाच घटनेत एक जरी गुन्हा दखलपात्र निघाला, तरी सगळं प्रकरण दखलपात्र धरलं जातं. जबाब वाचूनच सही करा. हत्याराचा उल्लेख राहून गेला असेल तर तिथंच सांगा. न घडलेलं मात्र घालू नका.

1 जुलै 2024 पासून भारतीय दंड संहितेऐवजी भारतीय न्याय संहिता आली आणि कलमं बदलली. साध्या दुखापतीचं जुनं 323 आता 115(2), चिथावणीसाठी केलेल्या अपमानाचं 504 आता 352.

नुसती बोलाचाली असेल आणि त्याच माणसाशेजारी आयुष्य काढायचं असेल, तर माझ्या मते एनसी पुरे. पुन्हा त्रास झाला तर ती नोंद कामी येते. एफआयआर मनात आलं म्हणून मागे घेता येत नाही. पण अंगावर खरी इजा असताना एनसीवर समाधान मानू नका. ठाण्यात नकार मिळाला तर तीच माहिती लेखी, टपालाने पोलीस अधीक्षकांना पाठवा, पोच जपून ठेवा. तिथंही दाद लागली नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो.