डीटी-८३०डी मल्टीमीटर: फ्युएल पंपाचा इलेक्ट्रिकल फॉल्ट शोधायला हा पुरतो का?

पुरतो. दोनशे रुपयांच्या आसपास मिळणारा हा पिवळा मीटर, पुण्यात तापकीर गल्लीत नाहीतर मुंबईत लॅमिंग्टन रोडला कुठल्याही दुकानात टांगलेला दिसेल, आणि ज्याच्याकडे पाच-सात वर्षांहून जुनी पेट्रोल गाडी आहे त्याने तो डिकीत टाकून ठेवावाच असं माझं मत आहे. फक्त तो वापरायचा कसा हे नीट कळलं पाहिजे, नाहीतर हाच मीटर तुम्हाला सगळं ओके दाखवेल आणि गाडी तिथेच उभी राहील.

माझ्या गाडीचं झालं असं की सेल्फ मस्त घ्यायची पण चालू व्हायची नाही, कधी लागली तर चढाला दम सोडायची, आणि चावी ऑन केल्यावर मागच्या सीटखालून फ्युएल पंपाचा जो दोन-तीन सेकंद गुंईंई आवाज येतो तो एकदम मरगळलेला यायचा. गॅरेजवाल्याने बघितल्या बघितल्या सांगितलं पंप गेला, पूर्ण असेंब्ली बदला. हजारोंचा खर्च होता आणि त्याने मीटर हातातसुद्धा घेतला नव्हता, म्हणून म्हटलं आधी आपण बघू.

फ्यूज आणि रिले (पंपाचा करंट चालू-बंद करणारा स्विच) हे काम सोपं. पंपाचा फ्यूज बहुतेक गाड्यांत १५ किंवा २० अँपिअरचा असतो, काढून नुसता डोळ्यांनी बघू नका, मीटरने चेक करा. रिलेच्या खाली नंबर लिहिलेले असतात, ८५ आणि ८६ ही कॉइल, ३० ला बॅटरीचा करंट येतो आणि ८७ मधून पंपाकडे जातो. कॉइलचा रेझिस्टन्स साधारण ५० ते १२० ओहममध्ये आला तर कॉइल ठीक. माझा रिले टकटक वाजत होता, पण टकटक वाजला म्हणजे आतला पॉइंट चांगलाच असतो असं नाही, तो जळून काळा झालेला असू शकतो, हे लक्षात ठेवा.

मग मागची सीट उचलली, पंपाचं झाकण उघडलं. इथे एक गोष्ट कळकळीने सांगतो, खाली पेट्रोलची टाकी आहे, सगळे दरवाजे उघडे ठेवा, बिडी-सिगारेट आसपास नको, पेट्रोलचा वास येत असेल तर काम तिथेच थांबवा, आणि कनेक्टर काढायच्या-लावायच्या आधी बॅटरीची निगेटिव्ह काढा म्हणजे टाकीजवळ ठिणगी पडायचा प्रश्न नाही. पेट्रोलच्या पाइपला हात लावायची या कामात गरजच पडत नाही.

आता खरी गंमत. पंपाचा कनेक्टर काढून वायरवर मीटर लावला तर १२ व्होल्ट व्यवस्थित. इथेच बरेच लोक फसतात, व्होल्ट येतायत म्हणजे पंपच खराब असं ठरवून मोकळे होतात. पण पंप जोडलेलाच नाही तर वायरमधून करंट वाहतच नाही, आणि करंट वाहत नसेल तर सडलेली वायरसुद्धा पूर्ण १२ व्होल्ट दाखवते. मोजायचं ते पंप जोडून, पंप चालू असताना, कनेक्टरच्या मागच्या बाजूने टोक आत सरकवून. वायरची साल टोचू नका, त्या भोकातून पावसाळ्यात पाणी शिरतं आणि वर्षभराने नवीन फॉल्ट तयार होतो.

चावी ऑन केल्यावर पंप दोन-तीन सेकंदच चालतो आणि हा मीटर हळू आहे, आकडा स्थिर होईपर्यंत पंप बंद. म्हणून रिले काढून त्याच्या सॉकेटमध्ये ३० आणि ८७ ला १५ अँपिअरचा फ्यूज लावलेली वायर जोडली, पंप सलग चालू राहिला, मग आरामात मोजलं. बॅटरीवर १२.२, आणि पंपाच्या दोन पिनांमध्ये फक्त ७.१! बाकीचे पाच व्होल्ट वाटेत कुठेतरी खाल्ले जात होते. लाल टोक बॅटरीच्या पॉझिटिव्हला आणि काळं पंपाच्या पॉझिटिव्ह पिनला लावलं, ०.५, म्हणजे ती बाजू चालण्यासारखी. मग लाल टोक पंपाच्या अर्थच्या पिनला आणि काळं बॅटरीच्या निगेटिव्हला, ४.६. सापडला चोर! पंप ठणठणीत, अर्थ गेलेला.

काळ्या वायरचा माग काढत गेलो तर ती दाराजवळ कारपेटखाली बॉडीला बोल्टने आवळलेली. दाराच्या रबरातून पावसाचं पाणी झिरपत होतं, कारपेट ओलं, बोल्टखाली तांबूस गंज आणि वायरच्या लगवर (टोकाच्या धातूच्या कडीवर) हिरवा चुरा, नखाने खरवडला तर पडत होता. बॅटरी काढून बोल्ट सोडवला, पत्रा पॉलिश पेपरने चकाकेपर्यंत घासला, वायरचा सडका भाग कापून नवीन लग दाबून बसवला, आवळून वरून पेट्रोलियम जेली लावली. परत मोजलं, अर्थच्या बाजूला ०.०८ आणि पंपाला साडेअकरा. आवाजसुद्धा लगेच खणखणीत. दाराचं रबरही बदलून घेतलं, नाहीतर पुढच्या जून-जुलैत परत तेच.

मीटरबद्दल आता नीट. २० व्होल्ट डीसीचा रेंज माझ्या कामापुरता बरोबर आहे. ओहमवर मात्र अशा फॉल्टसाठी विसंबू नका, कारण पंप ४ अँपिअर घेत असेल तर वाटेतला जेमतेम १ ओहम ४ व्होल्ट खातो, आणि या मीटरच्या पातळ वायरीच अर्धा ओहम दाखवतात, तर तो एक ओहम तुमच्या लक्षातही येणार नाही. १० अँपिअरच्या सॉकेटला बहुतेक पिसांत आत फ्यूज नसतो, तिथे टोक ठेवून चुकून बॅटरीला लावलं तर थेट शॉर्ट, त्यामुळे ते भोक मी टेप लावून बंद केलंय. बजर (वायर सलग असली की वाजणारा) काही पिसांत असतो काहींत नसतो, दुकानातच वाजवून घ्या. आपोआप बंद होत नाही म्हणून ९ व्होल्टचा सेल उतरतो.

सोबत एक २१ वॉटचा ब्रेक लाइटचा बल्ब होल्डरसकट घ्या, दोन वायरी जोडून ठेवा. तो पावणेदोन अँपिअर ओढतो, त्यामुळे पंप काढलेला असला तरी कनेक्टरवर लावून लाइन लोड घेतेय का ते कळतं, मिणमिणता पेटला की वायरिंग बघायची. ईसीयूच्या, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरच्या, बारीक वायरींना मात्र हा बल्ब अजिबात लावायचा नाही, ईसीयू उडेल.

सीएनजीवाल्यांनी खास ऐका, बऱ्याच गाड्या स्टार्ट पेट्रोलवर होतात आणि मग गॅसवर जातात, त्यामुळे सकाळी गाडी लागत नाही याचं कारण कित्येकदा फ्युएल पंपाच्या बाजूला असतं. आणि टाकीत पेट्रोल तळाला ठेवून फिरू नका, पंपाला थंड ठेवायचं काम तेच पेट्रोल करतं.

मीटरला पाचपैकी चार. एक कापला तो वायरींसाठी, चांगल्या जाड वायरी वेगळ्या मिळतात त्या त्याच दुकानातून घेऊन टाका.