शेपटीच्या चाकाची स्प्रिंग: पाटा घ्यावा की दांडी?

सोलापुरात हैदराबाद रस्त्यावर ट्रकचे पाटे, म्हणजे पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगा, बदलणाऱ्या मिस्त्रींना तुटलेला पाटा दाखवा. मधल्या सेंटर बोल्टच्या भोकातून तुटलेला असेल तर ते आधी पाटा आवळून धरणाऱ्या यू-बोल्टबद्दल विचारतात, "यू-बोल्ट ढिला होता का?" पकड सुटली की वाकण्याचा सगळा ताण भोकावर येतो. घरी विमान बांधणाऱ्यानं शेपटीची स्प्रिंग, म्हणजे शेपटीखालचं छोटं चाक जिच्यावर बसतं ती, ठरवताना सुरुवात इथूनच करावी.

अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या शेडमध्ये मित्राचं दोन आसनांचं विमान उभं राहतंय. स्प्रिंग कशी बांधायची, यावर आमचे दोन रविवार गेले.

पहिला पर्याय पाट्याचा. दोन-तीन पट्ट्या एकावर एक, पुढच्या टोकाला एक बोल्ट आणि सांगाडा जिथे संपतो तिथे पकड. वाकण्याचा जोर सगळ्यात जास्त या मागच्या पकडीशी असतो आणि पुढच्या बोल्टकडे कमी होत जातो. म्हणून भोक पुढच्या टोकालाच हवं. पकडीजवळ कुणी भोक पाडायला सांगितलं तर ऐकू नका. पकडीसाठी गोल वाकवलेला यू-बोल्ट सपाट पाट्याच्या फक्त कडांवर टेकतो, आणि वळताना चाक आडवं ओढलं की पाटा सरकतो. मला पाट्यावर आडवी जाड पट्टी आणि तिच्या दोन्ही बाजूंना एकेक बोल्ट हेच पटतं. या आडव्या पट्टीची मागची कड कानशीनं गोल करा, नाहीतर तीच पाट्याला चरा पाडते. मध्ये रबर घालू नका. ते चेपतं आणि पकड ढिली होते.

दुसरा पर्याय निमुळत्या गोल दांडीचा. घरी बांधायच्या विमानांचे किट विकणाऱ्या व्हॅन्स कंपनीच्या आरव्ही मालिकेतल्या शेपटीचाकाच्या विमानांवर हीच असते. दांडी नळीत जाते आणि आडवा बोल्ट तिला धरतो. हलकी, सुटसुटीत, वाऱ्याला अडथळा कमी. पण इथे दांडी फिरू न देण्याचं काम त्या एका बोल्टवर येतं. भोकात जरा जागा राहिली तर जमिनीवरच्या प्रत्येक वळणाला दांडी कुरकुरते आणि भोक लांबट होतं. नळी आणि दांडी एकत्र धरूनच भोक रीम करावं लागतं, म्हणजे रीमर फिरवून नेमक्या मापाचं करावं लागतं.

त्यावर इलाज म्हणून काही जण सरळ बोल्टऐवजी टेपर पिन, म्हणजे निमुळती खीळ, घालतात. पिन ओढली की भोकात घट्ट बसते, हालचाल राहत नाही. मात्र एएन या अमेरिकी विमान-मानकातल्या ३८६ क्रमांकाच्या पिनचा उतार १:४८ (४८ लांबीला १ जाडी कमी) असतो, तर मेट्रिक टेपर पिनचा आणि तिच्या रीमरचा १:५०. दुकानातून मिळेल तो रीमर आणून चालवला तर पिन एकाच टोकाला टेकेल आणि बाहेरून काहीच दिसणार नाही. मला सगळ्यात जास्त भीती याचीच वाटते.

बोल्टच्या बाबतीत ताकदीपेक्षा माप महत्त्वाचं. ८.८ ग्रेडच्या बोल्टची ताण सोसायची ताकद ८०० मेगापास्कल, एएन बोल्टची साधारण ८६०. अंतर फार नाही. पण एएन बोल्टची बिनआट्याची लांबी नेमकी निवडता येते, त्यामुळे आटे भोकात येत नाहीत. ५/१६ इंची एएन बोल्टचा नट कोरडा, म्हणजे तेल न लावलेला, असताना १०० ते १४० इंच-पाउंड, म्हणजे ११ ते १६ न्यूटन-मीटर आवळतात. दांडीच्या आडव्या बोल्टला कॅसल नट (खाचांचा नट) आणि तो फिरू नये म्हणून खाचेतून स्प्लिट पिनच लावा.

विमानाच्या नकाशात दांडी असेल तर दांडीच ठेवा. शेपटीचा सांगाडा तिच्याच हिशोबानं काढलेला असतो. निवड तुमच्या हातात असेल तर मी पाटा सांगेन. त्याची पकड डोळ्यांना दिसते, नट किती आवळलाय ते टॉर्क पान्यानं तपासता येतं, आणि पकडीची पट्टी सोडली की तडा शोधता येतो. दांडीची झीज मात्र ती बाहेर काढल्याशिवाय कळत नाही.

मित्रानं पाटाच घेतलाय. पहिल्या पाच लँडिंगनंतर पकडीचे नट पुन्हा तपासायचे, असं त्यानं शेडच्या भिंतीवर खडूनं लिहून ठेवलंय.