ग्राफ्ट ३,३००, बिल पूर्ण, केस निम्मे: कोल्हापुरातील हेअर ट्रान्सप्लांटचा माझा अनुभव

माझे एकूण १,६८,७९५ रुपये गेले. हा आकडा सुरुवातीलाच लिहितो, कारण घरी, कारखान्यात आणि मित्रांत मी तो निरनिराळा सांगितला आहे आणि खरा आकडा एकदा तरी कागदावर येणे भाग आहे. शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीतील एका फाउंड्रीत मी खरेदीची बिले तपासतो. आलेला माल आणि त्याचे बिल जुळते की नाही हे पाहण्याचाच मला पगार मिळतो. तेव्हा "तुला कसे कळले नाही?" हा प्रश्न कृपा करून विचारू नये. तो विचारणाऱ्यांपैकी काहींनी नंतर बाजूला घेऊन "मग चांगला डॉक्टर कोण?" अशीही चौकशी केली आहे.

चाळिशीच्या आतच माझे कपाळ वर सरकले आणि टाळू उघडी पडली. वडिलांचे आणि मामांचे तसेच झाले होते, त्यामुळे कारण शोधण्यासारखे काही नव्हते. आमच्या पेठेत टोपणनावाशिवाय माणूस राहत नाही. माझे कोणते पडले असेल ते समजून घ्यावे. हौस म्हणून कोणी स्वतःचे डोके भोके पाडायला देत नाही, एवढेच मला याबाबत म्हणायचे आहे. "पुण्या-मुंबईला कशाला जाता, आता कोल्हापुरातच, फक्त ३५ रुपये ग्राफ्ट" अशी जाहिरात मोबाइलवर सारखी येत होती. ग्राफ्ट म्हणजे डोक्याच्या मागून उपसून पुढे लावायचे केसांचे एकेक मूळ. क्लिनिक शहराच्या मध्यवस्तीत, एका व्यापारी संकुलाच्या दुसऱ्या मजल्यावर होते. त्याचे नाव येथे देत नाही, कारण प्रकरण चालू आहे.

पहिल्या भेटीत डॉक्टर नव्हते, काउन्सेलर मॅडम होत्या. मी प्रश्न लिहून नेले होते आणि त्यांनी प्रत्येकाचे उत्तर शांतपणे दिले. दुखते का? भुलीची इंजेक्शने देताना काही मिनिटे चुणचुणते, नंतर फारसे नाही. लावलेले केस गळतात का? हो, दोन ते चार आठवड्यांत बहुतेक गळतात, पण मुळे आत राहतात. तीन-चार महिन्यांनी नवे केस येऊ लागतात आणि खरे चित्र वर्षभराने दिसते. ते टिकतात का? डोक्याच्या मागच्या भागातील केसांवर टक्कल पाडणाऱ्या डीएचटी या संप्रेरकाचा परिणाम सहसा होत नाही आणि ते पुढे लावले तरी तो गुण सोडत नाहीत, म्हणून टिकतात, न्यूयॉर्कच्या डॉ. नॉर्मन ओरेंट्राइक यांनी १९५० च्या दशकातच हे दाखवून दिले आहे. एका ग्राफ्टमध्ये किती केस असतात? एक ते चार.

ही सगळी उत्तरे खरी होती. पुढे एका त्वचारोगतज्ज्ञ बाईंकडून मी ती एकेक करून पडताळून घेतली. माझा राग नेमका इथे आहे. जे प्रश्न प्रत्येक गिऱ्हाईक विचारते त्यांची उत्तरे ही मंडळी प्रामाणिकपणे देतात, कारण त्या प्रामाणिकपणाला त्यांना काही खर्च येत नाही, आणि तेवढ्यावर आपला विश्वास बसतो. मुळे कोण काढणार, ती कोण मोजणार आणि बिलावर कोणाचे नाव असणार, हे कोणी विचारत नाही. एकच उत्तर खोटे निघाले: "एकदा ट्रान्सप्लांट झाले की गोळ्या-लोशन काही लागत नाही." लावलेले केस टिकले तरी आजूबाजूचे मूळचे केस गळायचे थांबत नाहीत; त्यासाठी मिनॉक्सिडिलचे लोशन किंवा डॉक्टरांच्या सल्ल्याने फिनास्टेराइडची गोळी चालू ठेवावी लागते, आणि ते बंद केले की मिळालेला फायदा काही महिन्यांत जातो. औषध न देता थेट टेबलावर झोपवणाऱ्यापासून दूर राहावे.

आता हिशेब. २,८०० ग्राफ्टचे ३५ रुपयांप्रमाणे ९८,००० आणि त्यावर १८ टक्के जीएसटीचे १७,६४०, म्हणजे १,१५,६४०. बुकिंगचे ५,००० "शेवटी वळते करू" म्हणून घेतले आणि वळते केले नाहीत. पीआरपीच्या, म्हणजे आपल्याच रक्तातून वेगळा केलेला द्रव टाळूत टोचण्याच्या, चार बैठकींचे १८,००० आगाऊ घेतले. त्यातील दोनच झाल्या. शाम्पू, बायोटिनच्या गोळ्या आणि एक फवारा अशा पिशवीचे ६,८५०. ९०,००० रुपयांचे "बिनव्याजी" कर्ज तिथल्या तिथे टॅबलेटवर ओटीपी घेऊन काढून दिले, त्याचे प्रक्रिया शुल्क २,६५५. राहिलेल्या २०,६५० रुपयांची गोष्ट पुढे येते. कर्जाची रक्कम माझ्या खात्यात आलीच नाही, ती परस्पर क्लिनिकच्या खात्यात गेली. डिजिटल कर्ज सुरुवातीच्या ठरावीक मुदतीत मुद्दल आणि तेवढ्या दिवसांचा आकार भरून दंडाशिवाय मोडता येते, असा रिझर्व्ह बँकेचा २०२२ पासूनचा नियम आहे; मला तो मुदत उलटून गेल्यावर समजला. हप्त्यावर डोके दुरुस्त करायला जाऊ नये.

शस्त्रक्रियेच्या दिवशी डॉक्टर आले, स्केच पेनने माझ्या कपाळावर रेघ ओढली, "मस्त दिसेल" म्हणाले आणि गेले. त्यानंतर ते मला दिसले नाहीत. दोन मुले होती; त्यांतला एक दुसऱ्याला "कोन बघ, कोन बघ" असे सांगत होता. यंत्राला जोडलेल्या, जेमतेम एक मिलिमीटरच्या पंचने (पोकळ गोल पात्याने) डोक्यामागचे एकेक मूळ सोडवायचे आणि चिमट्याने उपसायचे, हे काम. कोन चुकला तर मूळ आतच कापले जाते आणि ते ना मागे उगवते ना पुढे. हे कौशल्य तो मुलगा माझ्या डोक्यावर शिकत होता. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये स्पष्ट म्हटले आहे की कार्यशाळेत किंवा यूट्यूबवर पाहणे हे अशा शस्त्रक्रियांसाठी पुरेसे प्रशिक्षण नाही. तो कागद मी पालथा झोपलेला असताना माझ्यापाशी असायला हवा होता.

आणि आता तो क्षण, ज्याने माझी अजून झोपमोड होते. पाऊणच्या सुमारास मला जेवायला उठवले. बाजूच्या ट्रॉलीवर काचेच्या चार तबकड्या होत्या आणि ओल्या कापडावर मुळे दहा-दहाच्या रांगांत मांडलेली होती. सवयीने माझी नजर रांगांवरून फिरली. एका तबकडीत पंधरा रांगा. चार तबकड्या म्हणजे सहाशे. भिंतीवरच्या पांढऱ्या फळ्यावर मात्र "१,६५०" असे लिहिलेले होते. कारखान्याच्या गेटवर असा फरक दिसला असता तर मी ट्रक आत सोडला नसता. मी विचारले, "एवढेच?" तो मुलगा माझ्याकडे न पाहता म्हणाला, "बाकीचे आत फ्रीजमध्ये आहेत, सर." मुळे थंड ठेवतात हे मी वाचलेले होते, त्यामुळे उत्तर पटण्यासारखे होते. "मग फ्रीज दाखव" हे तीन शब्द माझ्या तोंडून निघाले नाहीत. कसे निघणार होते? डोके भादरलेले होते, मागचा भाग बधिर होता, त्यावर शेकडो भोके पडलेली होती, सकाळी दिलेल्या गोळीची गुंगी होती आणि पैसे आधीच भरलेले होते. त्या अवस्थेत ताटावरून उठून भांडणारा माणूस मला कोणी दाखवावा. वरणभात संपायच्या आत मॅडम आल्या आणि म्हणाल्या की टाळूवर विरळ दिसेल, आणखी ५०० ग्राफ्ट घालू या, १७,५०० अधिक जीएसटी ३,१५०. फोनवरून तेही भरले. वर सांगितलेले २०,६५० ते हे. टेबलावर पडल्यानंतर कोणी दर वाढवला तर एक रुपयाही देऊ नये, मग टाळू विरळ राहिली तरी चालेल.

सव्वातीनला मला सोडले. ३,३०० ग्राफ्टचे काम नीट करायचे तर सकाळपासून संध्याकाळ होते, काही ठिकाणी ते दोन दिवसांत विभागतात. कोणी तुम्हाला तीन हजारांचे बिल लावून दुपारच्या चहाला घरी पाठवत असेल तर घड्याळाचा फोटो काढून ठेवा.

पावती हातात पडली तीही पट्टी बांधल्यावर. तिच्यावर जीएसटीचे २०,७९० रुपये लावलेले होते आणि जीएसटी क्रमांक मात्र नव्हता. हे मला दिसले, कारण दिवसभर मी तेच पाहतो. विचारल्यावर "टॅक्स इनव्हॉइस मेलवर येईल" असे सांगितले. तो आला नाही.

त्यानंतर वर्षभर मी थांबलो, कारण वर्षभर थांबावेच लागते. केस गळाले, ते गळणारच होते. चौथ्या महिन्यात तुरळक आले. फोन केला की "प्रत्येकाची वाढ वेगळी असते, सर" हे ठरलेले उत्तर, आणि तेही खोटे नाही. या धंद्यात लबाडी करणाऱ्याला निसर्गच बारा महिन्यांची सवलत देतो. तेवढ्या काळात क्लिनिक हलवता येते, आणि ग्राहक आयोगाकडे जाण्याच्या दोन वर्षांच्या मुदतीतील निम्मा काळ सरतो. मी शेवटी गेलो तेव्हा दारावर दुसऱ्याच धंद्याची पाटी होती आणि शेजारच्या दुकानदाराने "ते बेळगावला गेले" असे सांगितले.

त्वचारोगतज्ज्ञ बाईंनी भिंगाखाली मागचा भाग तपासला. उपसलेल्या प्रत्येक मुळाच्या जागी बारीक पांढरा ठिपका राहतो. चौरस सेंटिमीटरमागे ठिपके मोजून त्यांनी बाराशे ते चौदाशेचा अंदाज लेखी दिला. त्यातही एकाच पट्ट्यातून इतकी मुळे उपसली होती की तिथे कायमचे विरळ राहणार आहे, आणि मागचा साठा पुन्हा भरून येत नाही. माझी टाळू अजून गळतीच्या अवस्थेत होती, आधी औषध देऊन पाहायला हवे होते, हेही त्यांनी सांगितले. त्यांची तपासणी फी ५०० रुपये होती. हे ५०० आधी खर्च करावेत. डेंग्यू किंवा मोठ्या तापानंतर दोन-तीन महिन्यांनी जे केस भसाभसा गळतात ते बहुधा आपोआप परत येतात, आणि अशा लोकांनाही त्या क्लिनिकने पॅकेज दिलेले मी प्रतीक्षा कक्षात पाहिले आहे.

हा लेखी अंदाज घेऊन मी एका पोलीस ठाण्यात गेलो. हवालदारांनी आधी "टोपी काढा बघू" असे सांगितले, मग आतून आणखी दोघांना बोलावले. तिघांनी माझे डोके पाहिले. "लागलेत की हो थोडे," असा त्यांतल्या एकाचा अभिप्राय पडला. साहेबांनी सांगितले की डॉक्टरविरुद्ध निष्काळजीपणाचा गुन्हा घ्यायचा तर सर्वोच्च न्यायालयाच्या २००५ च्या निकालाप्रमाणे आधी तज्ज्ञ डॉक्टरांचे मत लागते. मी म्हणालो की माझी तक्रार निष्काळजीपणाची नाही. तेहतीसशेचे पैसे घेऊन चौदाशे दिल्याची, म्हणजे मापात मारल्याची आहे. भाजीवाल्याने किलोला अर्धा किलो दिला तर त्याला तज्ज्ञांचे मत लागते का? त्यावर "हा दिवाणी मामला आहे" असे उत्तर मिळाले. शिवाय "ते आता कर्नाटकात हाय, तिकडं जावा." अर्जाची पोच मागितली तर शिक्का मारणारे जेवायला गेले होते.

आरोग्याच्या एका कार्यालयात सांगितले की नोंदणी नर्सिंग होमची होते, तिथे रुग्ण मुक्कामाला ठेवत नव्हते, म्हणून ती जागा आमच्या कक्षेत येत नाही. म्हणजे दिवसभरात माणसाच्या डोक्याला हजार भोके पाडून संध्याकाळी घरी पाठवले तर त्या जागेवर नजर ठेवणारे कोणी नाही. कराच्या एका कार्यालयातील उत्तर तर फ्रेम करून लावण्यासारखे आहे: पावतीवर जीएसटी क्रमांकच नाही, मग तक्रार कोणाविरुद्ध नोंदवायची? क्रमांक नाही हीच तक्रार आहे, हे मी तीन टेबलांवर सांगितले. तिसऱ्या टेबलाने मला पहिल्याकडे पाठवले. कर्ज देणाऱ्या कंपनीचे म्हणणे असे की सेवा मिळाली की नाही हा तुमचा आणि क्लिनिकचा प्रश्न, हप्ता ७,५०० चा, पाच तारखेला. हप्ता चुकल्यावर मात्र या कंपनीला माझा, माझ्या पत्नीचा आणि कारखान्याचाही फोन नंबर बरोबर सापडला. सबंध व्यवस्थेत मला शोधून काढण्याची तत्परता फक्त वसुलीवाल्यांनी दाखवली.

ग्राहक आयोगाचा मार्ग तेवढा उघडा आहे. २०१९ च्या कायद्याप्रमाणे तक्रारदार जिथे राहतो तिथेच तक्रार दाखल करता येते, त्यामुळे बेळगावचे कारण चालत नाही, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला दाखल शुल्क नाही. पण नोटीस "पत्त्यावर इसम मिळून आला नाही" असा शेरा घेऊन परत आली. म्हणून सांगतो: पैसे देण्याआधी डॉक्टरचे पूर्ण नाव आणि नोंदणी क्रमांक लेखी घ्या आणि महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेच्या संकेतस्थळावर पाहा. दारावरच्या पाटीवरील "डॉ." एवढ्यावर जाऊ नका. मुळे मोजताना घरचे माणूस खोलीत बसू द्या. नाही म्हणाले तर उठून या. रोख रक्कम देऊ नका.

याच क्लिनिकचे आणखी बळी कोल्हापुरात आहेत हे मला माहीत आहे. प्रतीक्षा कक्षात आम्ही एकमेकांकडे न पाहता बसत होतो. एकाच कारणाने फसलेल्या अनेक ग्राहकांना आयोगाच्या परवानगीने एकत्रित तक्रार करता येते. लाज बाजूला ठेवून ज्यांना यायचे आहे त्यांनी मूळ पावती, बँकेचा उतारा, कर्जाचा करार आणि मागच्या भागाचे फोटो जपून ठेवावेत, आणि शस्त्रक्रियेच्या तारखेपासून दोन वर्षे कधी पूर्ण होतात ते आजच कॅलेंडरवर लिहावे. पाच तारखेचा हप्ताही तोवर भरत राहावा, नाहीतर ते कारखान्यात फोन करतात.