जुन्या फरशीवर एसपीसी: नागपूरच्या हॉलला चालतं का?

हॉलची फरशी बदलायची आहे पण तोडफोड नको, असं म्हटलं की आजकाल दुकानदार पहिला नमुना एसपीसीचा काढतो. स्टोन प्लास्टिक कॉम्पोझिट, म्हणजे चुनखडीची पूड आणि पीव्हीसी एकत्र दाबून केलेली कडक पट्टी. वर लाकडाच्या रेषांची फिल्म, त्यावर पारदर्शक झीज-थर आणि खाली पातळ फोम. पट्ट्या एकमेकींत क्लिक करून अडकवायच्या, खाली चिकटवायच्या नाहीत. माल मुळात चांगला आहे. नागपुरात तो बिघडतो तो दोनच कारणांनी: खालची फरशी समतल नसते, किंवा मे महिन्याच्या उन्हाचा हिशेब कोणी केलेला नसतो.

घेताना जाडीचा आकडा फोडून विचारा. ‘६ मिमी’ म्हणतात त्यात १ ते १.५ मिमी फोमच असतो. बोर्ड ५ आणि फोम १ असेल तर ठीक, बोर्ड ४ असेल तर क्लिकची जीभ बारीक होते आणि बसवतानाच तुटते. झीज-थर ०.३ मिमी बेडरूमला पुरतो. हॉलमध्ये सोफा सरकतो, कूलर चाकांवर फिरतो, पोरं खेळतात, तिथे ०.५ मिमीच घ्या. दुकानात दोन तुकडे मागून स्वतः जोडून पाहा आणि पुन्हा सोडवा. कडेचे कपचे निघाले तर तो माल नको. ५ मिमी बोर्डचा साधारण २.२ चौरस मीटरचा बॉक्स २० किलोच्या पुढे भरतो. फारच हलका लागला तर जाडी मोजून घ्या.

आता माप. १२ बाय १६ फुटांचा हॉल म्हणजे १९२ चौरस फूट. १२२० बाय १८० मिमीच्या दहा पट्ट्यांचा बॉक्स सुमारे २३.६ चौरस फूट भरतो. आठ टक्के कटिंग धरलं की २०७, म्हणजे ९ बॉक्स. स्कर्टिंगसाठी, म्हणजे भिंतीच्या पायथ्याच्या पट्टीसाठी, परिघ ५६ फूट, दार वजा जाता साडेबावन्न, ८ फुटी ७ पट्ट्या. इथे एक गोम आहे. पट्ट्या १६ फुटांच्या दिशेने लावल्या तर १२ फुटांच्या रुंदीत, दोन्ही बाजूंना १०-१० मिमी फट सोडून, २० ओळी बसतात आणि शेवटी ३८ मिमीची चिंधी उरते. इतकी अरुंद पट्टी भिंतीलगत नीट लॉक होत नाही. म्हणून पहिली आणि शेवटची ओळ दोन्ही १०९ मिमीवर कापायच्या, मध्ये १९ पूर्ण ओळी. कारागीर हे गणित सुरुवातीलाच करतो की थेट पहिली पट्टी टाकून मोकळा होतो, यावरून त्याचा हात कळतो.

खरं काम मात्र पट्टी टाकण्याच्या आधीचं. २ मीटरची ॲल्युमिनियम पट्टी फरशीवर आडवी, उभी, तिरकी फिरवायची. खाली ३ मिमीपेक्षा जास्त उजेड दिसला तर तो खड्डा भरायचा, उंचवटा ग्राइंडरने उतरवायचा. मनीषनगर, बेसा भागातल्या फ्लॅटमध्ये व्हिट्रिफाइड टाईल असते, तिथे बहुतेकदा एखाददुसरा चढलेला कोपराच घासावा लागतो. प्रत्येक टाईल नाण्याने वाजवून पाहा. पोकळ वाजणारी किंवा हलणारी टाईल आधी पक्की करायची. रुंद सांधे पॉलिमर मिसळलेल्या सिमेंटच्या पुट्टीने सपाट भरायचे. महाल, इतवारीकडच्या जुन्या घरांत खडबडीत शहाबादी असेल तर तिच्यावर थेट टाकण्याचा विचार सोडा. आधी सेल्फ-लेव्हलिंग कंपाउंड, म्हणजे ओतल्यावर आपोआप सपाट पसरणारं मिश्रण हवं, आणि तो खर्च कोटेशनमध्ये क्वचितच दिसतो.

तळमजल्याची गोष्ट वेगळी. नागपूरची काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि भराव नीट ठोकलेला नसला की फरशी एखाद्या कोपऱ्यात बसते. जुनाट, थांबलेला खड्डा भरता येतो. पण भिंत आणि स्कर्टिंगमधली फट दर वर्षी वाढत असेल तर कुठलंच क्लिक फ्लोअरिंग तिथे टिकणार नाही. पट्टी पोकळीवर अधांतरी राहते, पाय पडला की वाकते आणि काही महिन्यांत लॉक तुटतो. ओल तपासायला २ फूट चौकोनी प्लास्टिक चारही कडांनी टेपने चिकटवून एक दिवस ठेवा. खाली दव जमलं तर ओल कुठून येते ते आधी शोधा. शक्य तर ही तपासणी पावसाळ्यात करा, एप्रिलमध्ये सगळ्याच फरश्या कोरड्या असतात.

बसवताना बॉक्स त्याच खोलीत ४८ तास आडवे ठेवावेत. भिंत, चौकट, खांब, सगळीकडे ८ ते १० मिमी फट हवीच. ती स्कर्टिंगखाली झाकली जाते. लगतच्या ओळींचे सांधे किमान ३०० मिमी पुढे-मागे असावेत. लाकडी चौकट पट्टीच्या तुकड्याच्या उंचीवर करवतीने खालून कापून पट्टी आत सरकवता येते. ग्रॅनाइटच्या चौकटीला ते जमत नाही, तिथे फट ठेवून त्याच रंगाचं सिलिकॉन भरतात. दाराची फळी ६-७ मिमी तासावी लागेल, त्यामुळे सुताराला त्याच दिवशी बोलवा.

चुका कुठे होतात? फट सिमेंटने भरतात. टीव्ही युनिट किंवा सेफ्टी डोअरचा स्टॉपर पट्टीतून आरपार स्क्रू मारून खाली फरशीत पक्का करतात. दोन्हींचा परिणाम एकच: तापून फुगणाऱ्या पट्ट्यांना सरकायला जागा राहत नाही आणि मेमध्ये सांधे तंबूसारखे वर उचलतात. नागपूरचा पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, त्यात पश्चिमेची काच आणि बंद घर असेल तर उन्हात तापलेली पट्टी हवेपेक्षा कितीतरी गरम होते. सुट्टीत गावाला जाताना जाड पडदे ओढून जा. रंगही फिकट ओकचा घ्या, गडद अक्रोडी जास्त तापतो. कामाला ऑक्टोबर-नोव्हेंबर किंवा फेब्रुवारी बरा. ऐन उन्हाळ्यात बसवलेल्या पट्ट्या डिसेंबरच्या थंडीत आकसून आडव्या सांध्यांत बारीक फटी दाखवतात.

‘वॉटरप्रूफ’ हा दावा पट्टीपुरता खरा आहे. लॅमिनेट फ्लोअरिंगचा एचडीएफ गाभा, म्हणजे दाबलेल्या लाकडी तंतूंचा बोर्ड, कूलरचं पाणी पिऊन कडेला फुगतो, तसं इथे होत नाही. पण कूलरची टाकी भरताना सांडलेलं पाणी भिंतीच्या फटीतून खाली गेलं की फोम आणि जुनी फरशी यांच्यात अडकून राहतं आणि वास मारतं. खिडकीच्या बाजूला स्कर्टिंगचा खालचा सांधा सिलिकॉनने बंद करा, कूलरखाली ट्रे ठेवा. रबरी बुडाची पायपुसणी मात्र नको. रबरातल्या रसायनाने विनाइलवर पिवळे डाग पडतात, ते घासून जात नाहीत. फरशीवर थेट पणत्या ठेवू नका, आणि ॲसिडने पुसणं बंद करा.

पर्याय म्हणून जुन्या टाईलवर नवी टाईल चिकटवली तर उंची १२ ते १५ मिमी वाढते आणि उंबरठ्यांचा प्रश्न येतो, पण ऊन आणि पाणी या दोन्हींची चिंता संपते. दिवसभर ऊन झेलणाऱ्या हॉलला टाईलच बरी. वरच्या मजल्यावरच्या, सपाट व्हिट्रिफाइडच्या हॉलला एसपीसी निःसंकोच घ्या. स्वस्त पीव्हीसी रोल दोन्हींपेक्षा वाईट, खालचे सांधे वरून मोजता येतात.

कोटेशन चौरस फुटावर देतात, पण स्कर्टिंग, दारातली प्रोफाइल पट्टी (कड झाकणारी), लेव्हलिंग, दार तासणं आणि जीएसटी वेगळे लावतात, म्हणून प्रत्येक बाब वेगळ्या ओळीत लिहून घ्या. सगळे बॉक्स एकाच लॉटचे हवेत. वर मोजलेल्या हॉलला ८४ पट्ट्या लागतात, ९ बॉक्समध्ये ९० येतात. उरलेल्या सहा परत करू नका, पुढे एखादी बदलायची वेळ आली तर त्याच छटेची दुकानात मिळणं कठीण जातं.