तीन बाजूंवरून काटकोन ओळखायचा, पण कोणत्या रीतीने?

दिलेल्या तीन बाजूंचा त्रिकोण होतो का, आणि झालाच तर तो काटकोन आहे का, हे ठरवायच्या तीन रीती सर्रास वापरात दिसतात. बाजू आल्या तशा घेऊन सगळ्या जोड्या तपासायच्या. आधी चढता क्रम लावून एकदाच तपासायचं. किंवा तीन बाजूंवरून कोन देणाऱ्या कोसाइन सूत्राने मोठा कोन काढायचा.

पहिल्या रीतीत तीन असमानता (दोन बाजूंची बेरीज तिसरीपेक्षा मोठी) आणि तीन समीकरणं (दोन बाजूंच्या वर्गांची बेरीज तिसरीच्या वर्गाइतकी), म्हणजे एकूण सहा तपासण्या. वहीत काही बिघडत नाही. प्रोग्राममध्ये मात्र एकच ओळ तीनदा चिकटवली जाते आणि तिसऱ्या ओळीतलं एखादं अक्षर बदलायचं राहून जातं. ३, ४, ५ देऊन पाहिलं तर उत्तर बरोबरच येतं, कारण पहिलीच ओळ जुळते. चूक पकडायची तर ४, ५, ३ आणि ५, ३, ४ हेही देऊन पाहावं लागतं.

कोसाइन सूत्राचं आकर्षण मला समजतं. कोनच हातात येतो, आणि कोन हवाच असेल तर तीच रीत घ्यावी. पण १, २, ३ या बाजू दिल्या तर कॅल्क्युलेटर निमूटपणे १८० अंश दाखवतो. त्रिकोण झालेलाच नाही हे आपणच ओळखायचं. १, २, ५ दिल्या तर कोसाइन उणे ५ येतो (तो उणे १ ते १ मध्येच असतो) आणि थेट एरर. माझं मन उडालं ते मात्र वेगळ्याच कारणाने. बाजू ७०, ७०, ९९ घ्या. कोन सुमारे ९०.००६ अंश येतो, एका दशांशस्थळापर्यंत लिहिला की ९०.०. झाला काटकोन! प्रत्यक्षात ४९०० + ४९०० = ९८०० आणि ९९ चा वर्ग ९८०१. काटकोन नाही, विशालकोन आहे. ४०८, ४०८, ५७७ मध्ये तर दोन दशांशस्थळांपर्यंतही ९०.०० च दिसतो. प्रश्न ‘हो की नाही’ असा होता, उत्तर ‘जवळपास हो’ असं मिळतं.

क्रम लावून अ ≤ ब ≤ क केलं की अ + ब > क ही एकच असमानता पुरते. बाकीच्या दोन आपोआप खऱ्या ठरतात. शिवाय हीच अट शून्य आणि ऋण संख्याही गाळते: -३, ४, ५ चे वर्ग पायथागोरसच्या समीकरणात चोख बसतात, पण -३ + ४ काही ५ पेक्षा मोठं नाही. पुढे अ² + ब² ची तुलना क² शी करायची. समान तर काटकोन, मोठं तर लघुकोन, लहान तर विशालकोन. तोंडी करायचं असेल तर (क - ब)(क + ब) हे अ² इतकं आहे का, ते पाहावं. २०, ९९, १०१ साठी २ × २०० = ४००, म्हणजे २० चा वर्ग. काम संपलं.

या रीतीतही खाचखळगे आहेत. जावास्क्रिप्ट या प्रोग्रामिंग भाषेत नुसतं सॉर्ट केलं, म्हणजे क्रम लावायला सांगितलं, तर संख्या मजकुरासारख्या लागतात आणि ६, ८, १० चा क्रम १०, ६, ८ होतो. मग काटकोन सापडतच नाही. तुलनेचं फंक्शन देणं आवश्यक. ३२ बिटच्या (धन-ऋण दोन्ही ठेवणाऱ्या) पूर्णांकात ४६३४१ चा वर्गच मावत नाही, वर्गांची बेरीज त्याआधीच ओसंडू शकते.

दशांश अपूर्णांकांचा त्रास तिन्ही रीतींना आहे. ०.५, १.२, १.३ हे ५, १२, १३ चंच त्रिकुट, पण नेहमीच्या फ्लोटिंग पॉइंटमध्ये (संगणक दशांश संख्या अंदाजे साठवतो ती पद्धत) १.३ × १.३ चं उत्तर १.६९०००००००००००००२ येतं आणि समानता मोडते. उलट ०.१ + ०.२ > ०.३ हे खरं ठरून सपाट रेषेला त्रिकोणाचा शिक्का मिळतो. दहाने गुणून पूर्णांक केले की दोन्ही कटकटी जातात. √२, √३, √५ सारख्या बाजू असतील तर मूळ न काढता २ + ३ = ५ एवढंच पाहावं.

टेपने मोजलेल्या लांबीला नेमकी समानता लावण्यात बहुधा अर्थ नसतो, तिथे थोडा फरक चालवून घ्यायची सूट द्यावीच लागते. फक्त ती क² च्या प्रमाणात द्यावी. ०.००१ अशी ठोक सूट दिली तर ०.०१, ०.०१, ०.०१५ हाही काटकोन ठरतो, आणि त्यातला मोठा कोन ९७ अंशांच्या वर आहे.